तलवार लागली हे सांगायचं कोणी?

प्रश्न: ताई, मी मूळचा कोथरूडचा, दोन वर्षं झाली हॅनोवरला मास्टर्स करतोय. गेल्या उन्हाळ्यात इथले मित्र मला ब्रोकेलोला घेऊन गेले, तिथे कॉन्क्वेस्ट नावाचा मोठा लार्प असतो. लार्प म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, तसे कपडे घालायचे, तसंच बोलायचं, चार-पाच दिवस तंबूत राहायचं आणि फोमच्या तलवारी घेऊन लढायचं. हजारो लोक होते. मी एका भाडोत्री सैन्यात ढाल घेऊन पहिल्या रांगेत होतो, तीन वेळा मेलो, आयुष्यात एवढी मजा आली नव्हती. घरी फोटो पाठवले तर बाबा म्हणाले, पोरखेळाने पोट भरतं का. पण कबड्डीला लीग आली, व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना पगार मिळतो, मग लार्प पैसे देणारा, कॉम्पिटिटिव्ह स्पोर्ट का होऊ शकत नाही? आम्ही चौघंजण लीग काढायचा विचार करतोय. — हॅनोवरचा ढालवाला

उत्तर: मित्रा, तुझं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा आमच्या गल्लीतलं चोर-पोलीस आठवलं. "ठो! मेलास तू!" "नाय मेलो, मला लागलीच नाय!" मग अर्धा तास भांडण, कोणीतरी टाइमप्लीज घेणार, एकजण रडत घरी जाणार आणि ज्याची बॅट त्याच्या आईने हाक मारली की सगळं बंद. हसू नकोस, तुझ्या लीगचं भवितव्य ह्याच भांडणात अडकलेलं आहे.

लार्पमध्ये तलवार लागली हे कोण ठरवतं? ज्याला लागली तो. अमेरिकेत १९७७ पासून डॅगोरहिर नावाचा फोमच्या हत्यारांचा युद्धखेळ चालतो, त्यात हाताला लागली की हात गेला, पायाला लागली की पाय गेला, धडाला लागली की मेलास, आणि हे सगळं मार खाणाऱ्याने स्वतःहून मान्य करायचं. मैदानावर देखरेखीला माणसं असतात, पण शंभर जणांच्या गर्दीत कोणाच्या कोपराला काय चाटून गेलं ते त्यांना काय दिसणार? म्हणजे पूर्ण डोलारा इमानावर उभा आहे, आणि तो छान उभा राहतो, कारण खोटं बोलून मिळवायचं काय? काहीच नाही.

आता त्यात रोख रक्कम ठेव.

मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, नंतर काही वर्षं आंतरशालेय सामन्यांना पंच म्हणूनही उभी राहिले. एका सामन्यात पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून गेली, पाठलाग करणारीच्या बोटांची टोकं तिच्या पाठीला लागली असतील-नसतील, मी नेमकी दुसऱ्या बाजूला, मला दिसलंच नाही. पण ती पोरगी दोन पावलं पुढे जाऊन थांबली, हात वर केला, "बाई, लागला" म्हणाली आणि स्वतःहून बाहेर जाऊन बसली. तिची टीम तिला खाऊ की गिळू करत होती. पुढच्या वर्षी गावातल्या एका दुकानदाराने हौसेने विजेत्या संघाला ५०१ रुपये लावले. त्या पूर्ण दिवसात एकीनेही हात वर केला नाही, उलट माझ्याशी हुज्जत घालायला दोन शाळांचे सर मैदानात! मुली तर त्याच होत्या.

हा रस्ता तलवारबाजीवाले शंभर वर्षांपूर्वीच चालून आलेत. फेन्सिंगमधला 'तुशे' हा शब्द तू ऐकला असशील, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच 'लागली', आणि तो मारणाऱ्याने नाही तर ज्याला लागली त्याने म्हणायचा ही रीत होती. पण ऑलिम्पिकपर्यंत गोष्ट गेल्यावर सभ्यतेवर कसं भागणार, म्हणून १९३६ला एपे प्रकारात वीज आली, तलवारीचं टोक दाबलं गेलं की दिवा लागतो. मग लोक सुधारले का? १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेन्को पकडला गेला, त्याने तलवारीच्या मुठीत छुपं बटण बसवलं होतं, समोरच्याला न लागताच दिवा लागायचा. ब्रिटनच्या जिम फॉक्सला शंका आली की अरे हा तर माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मेडल म्हटलं की माणूस सर्किटमध्येही रडीचा डाव खेळतो रे, तुझ्या फोमच्या तलवारीत तर सर्किटही नाही.

कबड्डीचं उदाहरण तूच दिलंस म्हणून सांगते. तिथेही हात लागला की बरेच बचावपटू स्वतः हात वर करून निघतात, पण प्रो कबड्डीत आता रिव्ह्यू आहे, टीव्ही अंपायर आहे, कोणाच्या बोटाने लॉबीची रेघ ओलांडली ते स्लो मोशनमध्ये दिसतं. आणि मुळात खेळ किती सुटसुटीत करून घेतला बघ, ३० सेकंदांची चढाई, दोन रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', मातीच्या जागी मॅट. म्हणजे सोफ्यावर चहा पिणाऱ्या माणसाला कळतं की आत्ता काहीतरी होणार. म्हणून २०१४च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार १२.८० लाखांना गेला आणि २०२३मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. हे पैसे कबड्डीपटूला बघणारा देतो. तुझ्या ब्रोकेलोत पैसे कोणी दिले? तू दिलेस! तिकीट तुझं, तंबू तुझा, ढाल तुझी. लार्पला प्रेक्षकच नसतो, जो तिथे आहे तो पात्र आहे, हीच तर त्यातली गंमत ना. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार, चिखलात धावणारे दाढीवाले आणि मध्येच एक बाई जमिनीवर पडून दहा मिनिटं मरतेय.

मग होणारच नाही का? होतं, पण वजाबाकी करून होतं.

एक वजाबाकी युरोपात झालेली आहे, बुहुर्त. फोमबिम काही नाही, खरं पोलादी चिलखत, २५-३० किलोचं, बोथट केलेली पण खरीच हत्यारं, पाच विरुद्ध पाच, त्याहून मोठ्या टीमाही असतात. २०१०ला युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स' पहिल्यांदा भरलं तेव्हापासून देशोदेशीचे संघ उतरायला लागले, आणि रशियात तर एमएमएच्या, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कार्यक्रमात चिलखतवाल्यांच्या फाइट्स घुसवल्या. इथे 'लागली की नाही' हा प्रश्नच काढून टाकलाय. कितीही मार खा, उभा आहेस तोवर जिवंत, दोन पाय सोडून तिसरं काही जमिनीला टेकलं की बाद. म्हणजे निकाल देणार जमीन, आपल्या कुस्तीसारखं, पाठ टेकली की चितपट. तरी २०२५च्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून काय राडा झाला तो तू तिकडे बसून पाहिलाच असशील, पंचाला लाथ आणि पैलवानावर तीन वर्षांची बंदी. पण मुद्दा असा की बुहुर्तमध्ये भूमिका कुठे राहिली? चिलखतातला माणूस चौदाव्या शतकातला सरदार नसतो, तो निव्वळ खेळाडू असतो, त्याला नाव-गाव-इतिहास काही लागत नाही.

दुसरी तुझ्या दाराशीच आहे, जर्मनीत जुगर खेळतात, एका जुन्या सिनेमातून उचललेला खेळ. पाच जणांची टीम, चौघांकडे फोमची हत्यारं, पाचवा रिकाम्या हाताने धावतो आणि मधला तो फोमचा 'जुग' उचलून समोरच्या खड्ड्यात नेऊन ठेवतो. लागली की गुडघ्यावर बसून पाच ठोके थांबायचं, साखळीची लागली तर आठ. स्पर्धा होतात, चुरस असते, पगार मात्र नाही. हे आधी खेळून बघ, लीग काढण्यापूर्वी फुकटात शिकशील.

आणि क्विडिचवाल्यांचं काय झालं ते माहीत असेलच. २००५ला अमेरिकेत मिडलबरी कॉलेजच्या पोरांनी हॅरी पॉटरच्या कादंबरीतला खेळ अंगाला केप बांधून, झाडूवर बसून सुरू केला. जशी स्पर्धा गंभीर झाली तशी केप गेली, झाडू जाऊन पाइप आला, आणि २०२२ला नावही गेलं, आता त्याला क्वाडबॉल म्हणतात. बिचाऱ्यांनी सगळी जादू विकली आणि तरी बहुतेक खेळाडू अजून पदरमोड करूनच सामन्याला जातात.

भूमिका ठेवूनही पैसा मिळतो, पण मग स्पर्धा सोडावी लागते. डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठा झालास ना? ते म्हणजे पगारी लार्पच की, पात्रं आहेत, पोशाख आहेत, वैर आहे. त्या कंपनीच्या लोकांनी १९८९ला न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सरळ सांगितलं होतं की बाबांनो ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, कारण स्पर्धा म्हटली की सरकारी क्रीडा नियम मागे लागतात. निकाल आधी ठरलेला असला की कोणी रडीचा डाव खेळत नाही, सोपं आहे.

तेव्हा तुला माझं म्हणणं असं, की लीग काढा, जरूर काढा, पण आधी चौघांनी बसून ठरवा की तुम्हाला ढाल वाचवायचीय की तो भाडोत्री सैनिक. दोन्ही ठेवून वर पगारही मिळेल असा मला तरी रस्ता दिसत नाही. बाबांना सांग, पोट डिग्रीने भरेल, हे सुट्टीतलं आहे.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. दिवसभर पीव्हीसी पाइप, मॅट आणि फेविबाँड घेऊन तलवारी बनवतो, म्हणतो ह्यात करिअर आहे. लागेल-बिगेल याची भीती वाटते, आणि अभ्यासाचं तर विचारूच नका. — एक आई, नाशिक

उत्तर: अहो, लागण्याचं एवढं टेन्शन घेऊ नका, पण एक गोष्ट त्याला नक्की सांगा. लार्पची तयार तलवार म्हणजे आत फायबरग्लासची कांडी, वर फोम, त्यावर लॅटेक्सचा थर. अशा तलवारीने फक्त हलका वार करतात, भोसकत नाहीत, कारण भोसकताना आतली कांडी टोकाचा फोम फाडून बाहेर येऊ शकते. डोक्यावर मारायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि खेळाआधी प्रत्येक हत्यार दाबून, वाकवून तपासतात. त्याने पाइपचं टोक उघडं ठेवलंय का ते आज संध्याकाळी बघा, तेवढं केलंत तरी बास.

करिअरचं म्हणाल तर ह्या सगळ्या प्रकारात ज्याला खरंच पैसे मिळतात तो लढणारा नाही, बनवणारा असतो. हत्यारं, चिलखतं, मुखवटे, कपडे. आपल्याकडे मुंबई कॉमिक कॉनमध्ये कॉस्प्लेच्या, म्हणजे एखाद्या पात्रासारखा पोशाख करून येण्याच्या स्पर्धा होतात, रोख बक्षिसं असतात, आणि तिथे भांडणही कमी होतं कारण पोशाख स्टेजवर उभा राहतो, परीक्षक शिवण उलटून बघू शकतात. तुमच्या मुलाचे हात त्या दिशेला चाललेत असं मला वाटतं. आणि फेविबाँड लावताना खिडकी उघडी ठेवायला सांगा, वास डोक्यात जातो.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लार्पचा ओझरता उल्लेख केलात तेव्हापासून विचारायचं होतं. फोमची मारामारी जाऊ द्या, रोल-प्लेलाच मार्क द्या ना! आम्ही पुरुषोत्तमला उतरायचो तेव्हा अभिनयाची स्पर्धा होतच होती की. — एक जुना रंगकर्मी, पुणे

उत्तर: काका, हा प्रश्न भारी आहे, ह्याने माझी झोप उडवली. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय, भरत नाट्य मंदिरातल्या 'अरे आव्वाज कुणाचा'ने अजून अंगावर काटा येतो, तेव्हा अभिनयात चुरस नसते असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण तिथे परीक्षक अंधारात एका खुर्चीत बसलेले असतात आणि नाटक त्यांच्याकडे तोंड करून होतं. लार्पमध्ये खुर्ची ठेवणार कुठे? दोघंजण रात्री दोन वाजता तंबूमागे कुजबुजत कट शिजवतायत, तो त्या दिवसातला सगळ्यात उत्तम प्रवेश असतो आणि तो तिसऱ्या कोणी पाहिलेलाच नसतो. परीक्षक जाऊन शेजारी उभा राहिला की ते दोघं त्याच्यासाठी नाटक करायला लागणार, संपलं.

शिवाय तिकडे स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कच्या लार्पवाल्यांमध्ये एक पद्धत आहे, हरण्यासाठी खेळायचं. म्हणजे आपल्या पात्राचं गुपित फुटू द्यायचं, त्याला चुका करू द्यायच्या, त्याची फजिती होऊ द्यायची, कारण त्यातून गोष्ट रंगते. आता सांगा, जो मुद्दाम हरतो तोच सगळ्यात चांगला खेळाडू, त्याचा गुणतक्ता कसा मांडायचा?

तरी एक वाट सुचते. फ्लाइंग डिस्क म्हणजे अल्टिमेट फ्रिस्बीमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांना पंच नसतो, फाउल खेळाडू स्वतः ठरवतात, आणि सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या खिलाडूपणाला गुण देतात, त्याचं वेगळं बक्षीस असतं. अमेरिकेत २०१२ला त्यांची पैशांची लीग आली तेव्हा मात्र पंच आणावेच लागले, पण एक नियम शिल्लक ठेवला, पंचाचा निर्णय तुमच्या बाजूने चुकीचा गेला तर तुम्ही स्वतः तो फिरवू शकता. माझ्या त्या खो-खोवाल्या मुलीसाठीच केला असावा असा नियम.

तर हॅनोवरवाल्यांनी लीग काढलीच तर तुम्ही त्यांना हे सुचवा, सगळ्यात झकास मरण कोण मेलं ते मारणाऱ्या संघाने ठरवायचं आणि त्याला करंडक द्यायचा. फक्त त्याला रोख रक्कम लावू नका म्हणावं, नाहीतर दोन्ही कॅप्टन आदल्या रात्रीच फोनवर बोलून घेतील.