एफडी मोडू नका, पण हा खर्च कराच

प्रश्न: मुलगी २७ वर्षांची, स्तनाचा कर्करोग झालाय. तीन आठवड्यांनी केमो सुरू होईल. त्याआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतील, असं डॉक्टर म्हणतात. खर्च १ लाख ८५ हजार, शिवाय दरवर्षी २० हजार. माझ्याकडे ६ लाखांची एफडी, ५ लाखांचा मेडिक्लेम आणि तिच्या लग्नासाठी ठेवलेलं आठ तोळे सोनं आहे. घरचे म्हणतात, आधी जीव वाचू दे. काय करू? – एक वडील, सांगली

नमस्कार. घरच्यांची काळजी खरी आहे. पण हे काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवता येत नाही. केमोतल्या सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी अंडाशयाला इजा होते, म्हणून बीजं केमोच्या आधीच काढावी लागतात. त्याला इंजेक्शनं धरून १० ते १४ दिवस जातात. म्हणजे तुमच्या हातात विचार करायला जेमतेम आठवडा आहे. ऑन्कोलॉजिस्टची (कर्करोगतज्ज्ञाची) हरकत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: करा.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. वंध्यत्वाशी संबंधित उपचार बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात. ते ५ लाख केमो आणि ऑपरेशनसाठीच राहू देत.

एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे बँकेकडून उचला. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही वापराल तेवढ्याच रकमेवर. बाकीचे चार लाख पॉलिसीत न बसणाऱ्या तपासण्या, औषधं, जाणं-येणं यांना लागतील; त्यांना हात लावू नका. ओव्हरड्राफ्ट फेडायला पुढे थोडं सोनं मोडावं लागलं तर मोडा. ते तिच्यासाठीच ठेवलंय ना?

कोटेशन मात्र ओळ न् ओळ वाचा. माझ्याकडे आलेल्या एका कोटेशनवर अगदी खाली, बारीक अक्षरात ‘इंजेक्शन्स अतिरिक्त’ असं होतं, आणि ते कुटुंब पॅकेजचाच आकडा धरून बसलं होतं. तुमच्या १ लाख ८५ हजारांत इंजेक्शनं, भूल आणि पहिल्या वर्षाचं स्टोरेज आहे का, हे लेखी घ्या.

स्टोरेजचे पैसे वर्षाच्या वर्षाला भरा, एकरकमी नको. बीजं १० वर्षं ठेवली तर २ लाख होतात; कायद्याने ती किती वर्षं ठेवता येतात, हे क्लिनिकला विचारून घ्या. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी असेल, तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्याच ५ ते १० वर्षं चालतात, आणि त्या चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते. मग बाळाचा विचार कधी करता येईल, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा.

बीजं गोठवली म्हणजे मूल होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुढे आयव्हीएफचा, म्हणजे ती बीजं वापरून शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा खर्चही वेगळा. म्हणून पहिल्या वेळी बीजं कमी मिळाली, तर दुसऱ्या सायकलसाठी, म्हणजे पुन्हा बीजं काढण्यासाठी कर्ज काढू नका.

आणि उद्या बँकेत जाण्याआधी आज रात्री लेकीजवळ बसा, हे सगळे आकडे तिच्यासमोर ठेवा. शरीर तिचं आहे, संमतीच्या कागदावर सही तिची लागणार आहे. ती नको म्हणाली, तर विषय तिथेच थांबवा.