जुन्या पेट्रोल जीपचं इग्निशन टायमिंग लाइटशिवाय कसं लावायचं?

तुमची महिंद्राची जुनी पेट्रोल जीप (हरिकेन एफ-हेड इंजिन) चढावर खटखटते आणि जवळपास टायमिंग लाइट कुणाकडे नाही, असं तुम्ही लिहिलंय. टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ; ती चालू इंजिनवर बघायचा लाइट नसला तरी अडत नाही. फीलर गेज, दोन वायरी आणि एक छोटा बल्ब पुरतो. बॅटरी १२ व्होल्टची तर बल्ब १२ चा, ६ ची तर ६ चा.

पण टायमिंगला हात सगळ्यात शेवटी लावा. इंजिन थंड असताना टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप बघा: इनटेक ०.०१८ इंच (वरून, रॉकरवर), एक्झॉस्ट ०.०१६ इंच (बाजूचं झाकण काढून). एक्झॉस्ट घट्ट ठेवू नका, व्हॉल्व्ह जळतो. प्लगचा गॅप ०.०३० इंच.

मग सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क). मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरला ०.०२० इंच, नंतर कुणी लुकास बसवला असेल तर ०.०१४ ते ०.०१६. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते), म्हणून हा क्रम. रोटरची (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या भागाची) दांडी हाताने आडवी हलवून बघा. खेळ लागला तर आधी बुश बदला, नाहीतर लावलेलं काहीच टिकणार नाही.

आता १ नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि हँडल फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की सावकाश टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ डिग्री आधीच्या खुणेवर या. खूण बेल हाउसिंगच्या भोकातून फ्लायव्हीलवर दिसते, काही इंजिनांना पुढे पुलीवर असते. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघतो.

बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग हळूहळू परत आणा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर बारीक खटखट होऊन थांबली तर चालेल. सुरूच राहिली तर किंचित रिटार्ड करा (ठिणगी थोडी उशिरा). फार केलं तर ओढ जाते आणि इंजिन तापतं. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ५ डिग्रीच्या पुढे नेऊच नका.

५ वरही खटखट थांबत नसेल तर हेडमधला कार्बन आणि रेडिएटर तपासा. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी भरत असाल तर वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) क्षारांचा थर बसलेला असणारच.