आधी छेद बघा

प्रश्न : बेसबॉलच्या आकडेवारीवरचं पुस्तक दोनदा हातात घेतलं, दोन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणात अडकलो. ओपीएस, वॉर, फिप... सगळं डोक्यावरून जातं. गणित दहावीपर्यंतचंच आहे. नुसतं वाचून हे जमेल का?

उत्तर : जमेल. दहावीही जास्तच झाली, भागाकार आला की पुरे. मीही थेट वॉरपासून, म्हणजे खेळाडूमुळे संघाला किती जास्तीचे विजय मिळाले या अंदाजापासून, सुरुवात केली होती. आद्याक्षरं पाठ झाली, कळलं मात्र काहीच नाही. शेवटी पुस्तक मिटून कागदावर एकाच खेळाडूचा एकच हंगाम लिहून काढला : बोस्टनचा फलंदाज टेड विल्यम्स, १९४१.

४५६ अ‍ॅट-बॅट, १८५ हिट. अ‍ॅट-बॅट म्हणजे हिशेबात धरलेली बॅटिंगची पाळी, हिट म्हणजे चेंडू मारून बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) गाठणं. भागाकार ०.४०६. ही बॅटिंग अ‍ॅव्हरेज. क्रिकेटची सरासरी इथे विसरा. तिथे धावांना बाद होण्याने भागतात, इथे हिटचं निव्वळ प्रमाण असतं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो ४४८ मध्ये १७९ वर होता. करून बघा, किती येतं ते. न खेळता बसला असता तर ०.४०० धरलं गेलं असतं, तरी पठ्ठ्या त्या दिवसाचे दोन्ही सामने खेळला आणि आठात सहा हिट मारल्या!

आता गंमत. त्या वर्षी त्याला १४७ वॉक मिळाले, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून पहिला बेस फुकट. वरच्या भागाकारात ते ना अंशात आहेत, ना छेदात. ते आणि अंगावर बसलेले तीन चेंडू दोन्हीकडे मिळवा : ६०६ पैकी ३३५, म्हणजे ०.५५३. हे ऑन-बेस प्रमाण. न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओचे त्याच वर्षीचे हेच दोन आकडे ०.३५७ आणि ०.४४०. एकोणपन्नास अंकांची तफावत एकशे तेरावर गेली. एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू, मात्र डिमॅजिओ. सलग ५६ सामन्यांत हिट मारणाऱ्याला मत देणाऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

स्लगिंगमध्ये साध्या हिटला एक, डबलला (दुसऱ्या बेसपर्यंतची हिट) दोन, होमरनला चार बेस मोजून अ‍ॅट-बॅटने भागतात. ऑन-बेस अधिक स्लगिंग म्हणजे तुमचं ओपीएस. छेद वेगळे असताना सरळ बेरीज! शाळेत छडी बसली असती, पण काम चालतं.

एवढं झालं की बेसबॉलच्या आकड्यांवर लिहिणाऱ्या बिल जेम्सचं जुनं लेखन वाचा. कॅन्ससमधल्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या या माणसाने १९७७ मध्ये आपल्या ‘बेसबॉल अ‍ॅबस्ट्रॅक्ट’चा पहिला अंक स्वतःच छापला. तो आधी प्रश्न विचारतो, सूत्र मागाहून येतं.

वॉर सगळ्यात शेवटी. एकाच खेळाडूचं वॉर बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ एक देतं, फॅनग्राफ्स हे दुसरं संकेतस्थळ वेगळंच. तूर्त ते प्रकरण आलं की पान उलटा.