दख्खनचा ‘ट्रॅप’: सापळा की जिना?

प्रश्न असा आला आहे: दख्खनच्या पठारावरच्या, लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात; त्याचं भाषांतर एका लेखात ‘दख्खनचा सापळा’ असं वाचलं, ते बरोबर आहे का?

अजिबात नाही. लाच घेणाऱ्याला पकडायला लावतात तो ट्रॅप वेगळा. हा स्वीडिश ‘ट्राप्पा’वरून आलाय, म्हणजे जिना. अठराव्या शतकात स्वीडनमधल्या खनिजतज्ज्ञांनी पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्यांतल्या काळ्या खडकाला हे नाव दिलं, ते इंग्रजीत गेलं आणि साहेबाबरोबर आपल्याकडे पोचलं. ‘डेक्कन’ मात्र घरचाच: दक्षिण, प्राकृतात दक्खिण, मग दख्खन.

जिना बघायचा तर पावसाळ्यात माळशेजला जा. काळा कडा, त्याखाली हिरवा पट्टा, पुन्हा काळा कडा; धबधबेसुद्धा टप्पे घेत उतरतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा उतू गेला. थरावर थर चढले. सह्याद्रीच्या काही भागांत ते सगळे मिळून २ किलोमीटरच्याही वर भरतात. थराचं पोट घट्ट, तिथे कडा उभा राहतो. माथा वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, तो लवकर झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर माती धरते आणि झाडी येते. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते. ती म्हणजे मधल्या शांत काळात तयार झालेली आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेलेली माती. एक पायरी म्हणजे एक लाव्हा, इतका सरळ हिशेब मात्र नसतो.

गंमत म्हणजे या पायरीला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: पदर. कड्याखालच्या झाडीभरल्या सपाटीला घाटावरचे आणि कोकणातले लोक पदर म्हणतात. ‘पदरात पोचलो, आता वरचा कातळटप्पा राहिला,’ हे वाक्य कुठल्याही ट्रेकरच्या तोंडी ऐकाल. भीमाशंकरजवळचा पदरगड अशा पदरावरच उभा आहे. राजगडाच्या माच्या आणि त्यांच्या डोक्यावरचा बालेकिल्ला बघितला की या जिन्यावर किल्ले कसे बसवले तेही कळतं.

तेव्हा ‘डेक्कन ट्रॅप’ किंवा ‘दख्खन ट्रॅप’ असंच लिहावं. मराठीच हवं असेल तर ‘दख्खनचा पायऱ्यांचा कातळ’ म्हणा. जरा लांबतं, पण खोटं तरी नाही.