वटवाघळांचं वेड आणि दहावीचं वर्ष

बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र: “मुलगा दहावीत आहे, ऑटिझम आहे. गेली काही वर्षं डोक्यात फक्त वटवाघळं. पाहुणे आले तरी तोच विषय. परीक्षा होईपर्यंत त्याच्या वह्या कपाटात बंद केल्यात. बरोबर केलं ना? आणि यावर पोट भरेल का?”

ताई, कपाट आजच उघडा.

शाळेतून तो दमून, चिडून येतो आणि वही हातात घेतली की गुणगुणायला लागतो, असं तुम्हीच लिहिलंय. दिवसभराचा गोंगाट सोसून आलेलं पोर तिथं सावरतं. अभ्यास झाल्यावर द्यायचं बक्षीस म्हणून त्याकडे बघू नका. वह्या काढून घेतल्यानं मार्क वाढतील असं मला वाटत नाही. संध्याकाळ मात्र नक्की अवघड होईल.

आणि विषय तरी काय निवडलाय त्यानं! तुमच्याच तालुक्यात, भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढे कित्येक दशकं जगात फक्त याच गुहांमधून ते माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. हे त्याला ठाऊक असेलच, तरी त्याच्या तोंडून ऐका. रोज जेवणानंतर थोडा वेळ ठरवून फक्त त्याचं ऐकायचं, मनापासून प्रश्न विचारायचे. ती वेळ पक्की असली की पाहुण्यांसमोरचा विषय आवरायला त्यालाही सोपं जाईल.

कन्नडच्या पेपरला रडणारा मुलगा वनखात्याचा कन्नड फलक अक्षर लावून वाचतो, हे तुम्ही ओघात सांगून गेलात. मला पत्रातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटलं. कन्नडचा सराव अशाच मजकुरावर घ्या. २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, किडे खाणारी बहुतेक वटवाघळं त्याच्याच प्रतिध्वनीवर किडे टिपतात. विज्ञानात तिथून शिरा.

पुढचं सांगते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स, जीवशास्त्रासह. मग सिरसीच्या फॉरेस्ट्री कॉलेजात बीएस्सी, नाहीतर बेळगाव-धारवाडला प्राणिशास्त्र. त्यानंतर वन्यजीव विषयात एमएस्सीसाठी बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था किंवा डेहराडूनची वन्यजीव संस्था. जागा कमी असतात, नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, हे आधीच माहीत असू द्या. वटवाघळांच्या आवाजांची रेकॉर्डिंग तपासायला संगणक आणि संख्याशास्त्र लागतं. ते आलं तर कामाची दारं आणखी उघडतात.

गुहेत त्याला परस्पर नेऊ नका. वनखात्याची परवानगी लागते आणि माणसांच्या वावरानं वटवाघळं बिथरतात. हातात तर कधीच धरायची नाहीत.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर लगेच अर्ज करा. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावीच्या पेपरला जादा वेळ हवा असेल तर मुख्याध्यापकांना याच आठवड्यात भेटा.