वीस क्विंटल सोयाबीन आणि पाच सर्टिफिकेटं

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. या दिवसांत लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि ज्या घरात पिकाचा पैसा यायचा असतो त्या घरात त्याच्या वाटण्या आधीच झालेल्या असतात. अशा एका मंगळवारी औसा तालुक्यातून बाप-लेक माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. मुलाला आपण कृष्णा म्हणू. खरं नाव वेगळं आहे. वय बावीस, बी.सी.ए. होऊन दीड वर्ष झालेलं.

वडिलांनी खुर्चीवर बसायच्या आधी हातातली कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेले सात कागद. एमएस-सीआयटी, इंग्रजी टायपिंग ४०, टॅली, डीटीपी, 'ऑफिस ऑटोमेशन', कॉलेजातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं एक आणि हार्डवेअरचं एक. वर एक रंगीत पत्रक. त्यावर लिहिलेलं: पाच सर्टिफिकेशन, सहा महिने, शंभर टक्के प्लेसमेंट, फी ८५,००० रुपये.

"मॅडम, आता हे शेवटचं करावं का, एवढं सांगा. सगळे मनायलेत, सर्टिफिकेट असल्याबिगर कुणी दारात उभं करत नाही. माल घालायचा हाय उद्या. ४,२०० चा भाव निघालाय. वीस क्विंटल जाईल, पन लेकरू मार्गी लागल."

घरची तीन एकर जमीन. वीस क्विंटल म्हणजे जवळजवळ सगळंच पीक.

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी टॅलीचा असतो, कधी क्लाउडचा, कधी सायबर सिक्युरिटीचा. नाव बदलतं, पण पोटातली भीती तीच असते. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही. माझा लॅपटॉप कृष्णापुढे सरकवला आणि म्हटलं, "याला वायफाय जोडलेलं दिसतंय, पण एकही वेबसाइट उघडत नाहीये. कुठून बघायला सुरुवात करशील?"

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रिस्टार्ट करून बघतो."

"आणि तरीही नाही उघडली तर?"

तो गप्प झाला. आयपी ॲड्रेस, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, मिळालाय का, राउटरपर्यंत पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, जातो का, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं डीएनएस उत्तर देतंय का, या तीन पायऱ्या त्याने बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षी वाचलेल्या होत्या. परीक्षेत पाच मार्कांना लिहिल्याही असतील. हार्डवेअरचं सर्टिफिकेट तर टेबलावरच पडलेलं होतं. पण बिघडलेल्या मशीनसमोर तो एकटा कधी बसलाच नव्हता. यात त्याचा दोष मी मानत नाही. त्याला तसं कुणी बसवलंच नव्हतं.

आमच्या लातूरच्या मुलांच्या बाबतीत मला एक गोष्ट नेहमी जाणवते. इथल्या हवेतच लातूर पॅटर्न आहे. टेस्ट सिरीज द्या, मार्क मिळवा, मार्काप्रमाणे कॉलेजची जागा मिळवा. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हे गणित खरंही आहे. अमुक मार्क असले की यादीत नाव लागतं. तेच गणित घरातली माणसं कॉम्प्युटरच्या कोर्सला लावतात. त्यांना वाटतं, सर्टिफिकेट म्हणजे मार्कमेमो आणि नोकरी म्हणजे कॉलेजची जागा. खाजगी नोकरीत अशी यादी लागत नाही. तिथे कागद दारापर्यंत नेतो, आणि आत समोरचा माणूस मी विचारला तसाच प्रश्न विचारतो.

वडिलांना मी म्हटलं, "मामा, जरा खाली जाऊन चहा घेऊन या." ते गेल्यावर कृष्णाला विचारलं, "तुला स्वतःला हा कोर्स करायचाय?"

बराच वेळ गेला. मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, कोर्स चालू हाय मनलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

या वाक्यासाठी मी हा अनुभव लिहायला घेतला. सर्टिफिकेटच्या मागे धावणाऱ्या कितीतरी मुलांचा खरा त्रास कौशल्याचा नसतोच. पारावर बसलेली माणसं, लग्नात भेटणारे पाहुणे, बरोबरीचा मित्र पुण्याहून आला की त्याची गाडी, या सगळ्यांना द्यायला त्यांच्याकडे उत्तर नसतं. 'कोर्स करतोय' हे मानाचं उत्तर आहे. सहा महिने ते पुरतं. मग दुसरा कोर्स लागतो. कृष्णाच्या पिशवीतल्या सात कागदांतले चार बी.सी.ए.नंतरच्या दीड वर्षातले होते. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तेवढं मोजावं.

वडील वर आल्यावर तिघांनी मिळून ते पत्रक ओळीने वाचलं. पाचपैकी तीन सर्टिफिकेटं त्या क्लासचीच होती. क्लासनेच शिकवायचं, क्लासनेच परीक्षा घ्यायची आणि क्लासनेच छापून द्यायचं. उरलेल्या दोनांत एक सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सीसीएनए आणि एक मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई. एमसीएसई तर मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलं. त्या तारखेपासून ते नव्याने कुणालाच मिळत नाही. पत्रकावर मात्र ते अजून सोनेरी अक्षरांत होतं.

राहिलं सीसीएनए. हे खरं सर्टिफिकेट आहे, जगात कुठेही ओळखलं जातं, त्याचा क्रमांक सिस्कोकडे तपासता येतो. परीक्षा दोन तासांची. ती द्यायला कुठल्याही क्लासचा दाखला लागत नाही, घरी शिकलेला मुलगाही देऊ शकतो. पण फी ३०० डॉलर, म्हणजे करासह तीस हजारांच्या घरात, आणि ती ८५,००० मध्ये धरलेली नव्हती. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: परीक्षा शुल्क वेगळे. शिवाय ते तीनच वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

वडिलांनी बोटांवर हिशेब केला. "मनजे अजून सात क्विंटल."

मग त्यांच्यासमोरच मी क्लासला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. कृष्णाने विचारलं, मागच्या बॅचमधल्या नोकरी लागलेल्या तीन मुलांशी बोलायला मिळेल का? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आज सीट बुक करा, उद्यापासून फी वाढतेय. पैशाचं टेन्शन नका घेऊ, आम्ही ईएमआय करून देतो." तीन मुलांचं उत्तर आलंच नाही. दोनदा विचारलं, दोनदा टाळलं. शंभर टक्के प्लेसमेंट लेखी देता का, यावर ती म्हणाली, "आम्ही असिस्टन्स देतो ना सर."

ईएमआयबद्दल इथे थांबून सांगते, कारण यात मी घरं पोळताना पाहिली आहेत. हे कर्ज पुष्कळदा फायनान्स कंपनीचं असतं, मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर. फी क्लासला एकरकमी पोचते. पुढे क्लास बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, तरी हप्ता थांबत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं. क्लासच्या शटरला कुलूप आणि आईच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जातायत. म्हणून सही करण्याआधी कर्ज कुणाचं, कुणाच्या नावावर आणि क्लास बुडाला तर काय, हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

त्या दिवशी मी एवढंच सांगितलं: माल घाला, पैसे बँकेत ठेवा. कृष्णाला एक वही दिली. "आठ दिवसांत तीस जाहिराती उतरवून आण. तुला खरंच अर्ज करावासा वाटेल अशाच. प्रत्येकीपुढे लिही, सर्टिफिकेट हवंच म्हटलंय, असल्यास प्राधान्य म्हटलंय, की उल्लेखच नाही."

तो दहा दिवसांनी आला. वहीत तीसही जाहिराती उतरवलेल्या होत्या आणि या वेळी तो स्वतःहून बोलत होता.

सरकारी जाहिराती एका बाजूला होत्या. लिपिक-टंकलेखकाला पदवीबरोबर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतंच. राज्य परीक्षा परिषदेची जी संगणक टायपिंगची परीक्षा असते, तिचं. कितीतरी पदांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम काही लागतं. इथे कागदाशिवाय गाडी पुढे जात नाही. हुशारी कितीही असो, अट पूर्ण नसेल तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो. फक्त प्रत्येक जाहिरातीतली अट शब्द न् शब्द वाचायची. कुठे प्रमाणपत्र अर्जाच्या वेळीच हवं असतं, कुठे नेमणुकीनंतर मुदत मिळते.

दुसऱ्या बाजूला लातूरमधल्या जाहिराती. दवाखाना, डाळ मिल, पतसंस्था, गाड्यांचं शोरूम. तिथली भाषाच निराळी: टॅली येणारा पाहिजे, एक्सेल येणारा पाहिजे, कॅमेरे बसवता येणारा पाहिजे, स्वतःची टू-व्हीलर हवी. कोणतं सर्टिफिकेट, असं जवळजवळ कुणीच विचारलं नव्हतं.

पुण्याच्या आणि संभाजीनगरच्या नेटवर्क सपोर्टच्या जाहिराती तिसऱ्या. तिथे सीसीएनए वारंवार दिसत होतं, पण बहुतेक ठिकाणी 'असल्यास प्राधान्य' असं, आणि त्याच ओळीत 'किमान एक वर्ष अनुभव'. क्लासच्या स्वतःच्या तीन सर्टिफिकेटांचं नाव तीसपैकी एकाही जाहिरातीत नव्हतं. हे त्याने लाल पेनाने लिहिलं होतं.

"तुला यातलं काय ओढतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "नेटवर्कचं. बाकीचं वाचताना कंटाळा आला, हे वाचताना नाही आला."

मग मी माझं मत स्पष्ट सांगितलं. सीसीएनए तुझ्यासाठी चांगलं आहे, पण आज नाही. आज पाठ करून पास झालास, तर मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडशील. आणि पाठ करायला लावणारे आहेत. फुटलेले प्रश्नसंच 'डंप' म्हणून विकले जातात. ते वापरल्याचं कंपनीला कळलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. आधी हात बसव. अभ्यासाला पैसे लागत नाहीत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात स्क्रीनवरच राउटर-स्विच जोडून अख्खं नेटवर्क उभं करता येतं. सरकारच्या स्वयम्-एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्किंगचे कोर्स फुकट शिकता येतात, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची थोडी फी.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. "फुकटचं कोन मानतंय मॅडम?" असं ते दोनदा म्हणाले. त्यांची शंका मला चुकीची वाटत नाही. आयुष्यभर ज्यांनी चांगलं बियाणं महाग मिळतं हेच पाहिलं, त्यांना फुकटचं शिक्षण हलकं वाटणारच.

औसा रोडवर सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं घेणारे ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे कृष्णा महिना ७,००० रुपयांवर लागला. पदवीधर मुलगा शिडी घेऊन भिंतीला भोकं पाडतोय, हे गावात काहींना खटकलं. पहिल्या आठवड्यात त्याने केबलच्या टोकाला बसवलेल्या जॅकपैकी निम्मे वाया गेले. आठ तारा: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. एक जरी इकडची तिकडे झाली तरी टेस्टरचे दिवे क्रमाने लागत नाहीत. महिनाभराने मला भेटायला आला तेव्हा अंगठ्याच्या नखाखाली काप होते आणि बोलताना हात हलत होते. एका दवाखान्यात रोज दुपारी नेट बंद पडायचं. कुणीतरी दुसरा राउटर लावून ठेवला होता आणि तोही आयपी वाटत होता. ते त्याने कसं शोधलं, हे तो मला वीस मिनिटं सांगत होता. पहिल्या दिवशी 'रिस्टार्ट करून बघतो' म्हणणारा हाच मुलगा.

दहा महिन्यांनी संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत आयटी सपोर्टला जागा निघाली. पगार १६,०००. मुलाखतीत सर्टिफिकेटांची फाइल त्यांनी चाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, शेवटचा अवघड बिघाड कोणता काढलास? त्याने दवाखान्याचा राउटर सांगितला. सोपं गेलं असं नाही, दोन प्रश्न चुकले आणि रुजू व्हायला दीड महिना वाट पाहावी लागली. आता तिथल्या साहेबांनी सांगितलंय, नेटवर्कच्या टीममध्ये यायचं तर सीसीएनए हवं. तेव्हा मीच त्याला म्हटलं, आता दे. आता त्या तीन वर्षांचा एकेक महिना तुझ्या कामी येईल. फी तो पगारातून साठवतोय, तीसपैकी एकोणीस हजार झालेत.

मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन होता. धाकटी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला लिपिकाची परीक्षा द्यायचीय. "मॅडम, तिलाबी आधी दुकानात लावू का?"

मी म्हटलं, "नाही मामा. तिला उद्याच टायपिंगला घाला. मराठी ३०. तिच्या जाहिरातीत तो कागद हवाच म्हणून लिहिलंय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही देऊ का तिला बी? थोरल्याची अर्धी कोरीच हाय."