वेबकॅमचा प्रोजेक्ट सोडू नकोस

प्रश्न: मी लातूरला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षासाठी हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर लाइव्ह व्हिडिओ दाखवणारा वेबकॅम करायचं मनात आहे. सर म्हणतात, विषय झेपणार नाही. मैत्रिणी म्हणतात, प्रोजेक्ट विकत घे आणि कोडिंगचा क्लास लाव. काय करू?

उत्तर: विषय सोडू नकोस, फक्त पसारा आवर. सेन्सरचा बोर्ड स्वतः बनवायला जाशील तर वर्ष त्यातच संपेल. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड आणि साधा यूएसबी वेबकॅम घे. तो यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं ठरलेलं मानक) प्रकारचा असला की लिनक्समध्ये ड्रायव्हर तयारच असतो.

आधी वहीत हिशेब मांड. ६४० बाय ४८० चं चित्र, दर पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मेगाबाइट. यूएसबी २.० वर एवढं जातं. १२८० बाय ७२० केलंस की तेच ५५ मेगाबाइट होतात. यूएसबी २.० चा ४८० मेगाबिटचा वेग म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, पण प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी लागतं. म्हणून कॅमेरे मोठं चित्र एमजेपेगमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबून, पाठवतात. ते उलगडताना प्रोसेसर राबतो आणि बॅटरी उतरते. चित्र मोठं हवं, कॅमेऱ्यासमोरचं दृश्य स्क्रीनवर यायला लागणारा उशीर कमी हवा, बॅटरीही टिकायला हवी, या ओढाताणीतून वाट काढणं हाच तुझा प्रोजेक्ट.

उशीर मोजायची सोपी युक्ती आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लाव, वेबकॅम त्याच्यासमोर धर आणि दुसऱ्या मोबाइलने स्टॉपवॉच व तुझा स्क्रीन एकाच फोटोत घे. दोन आकड्यांतला फरक हाच उशीर. ३० फ्रेमच्या वेगाला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. रांगेत चार फ्रेम साचल्या तर १३० मिलिसेकंद तिथेच गेले. बफर, म्हणजे ही फ्रेमची रांग, कमी-जास्त करून प्रत्येक वेळी मोजत जा आणि आकडे लिहून ठेव.

एम्बेडेडच्या, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नोकरीच्या मुलाखतीत नेमकं हेच खोदून विचारतात: बफर कमी केल्यावर काय झालं, फ्रेम का गळल्या? विकतच्या प्रोजेक्टवाल्याची तिथे बोलती बंद होते. कोडिंग तुलाही करायचंच आहे, पण ते सी भाषा आणि लिनक्सचं, याच कामासाठी. पदवीनंतर आणखी तयारी हवी वाटली तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पीजी डिप्लोमा आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो.

सरांकडे पुन्हा जाशील तेव्हा हिशेबाचं पान सोबत ने आणि ६४० बाय ४८० पासूनच सुरुवात करणार आहेस, हे आधी सांग.